नथ्थूजींच्या घरातल्या बाया

नथ्थूजी माणसांना अरे-तुरे करायचे आणि मुंग्यांना अहो-जाहो. पाटील असो, फौजदार असो, नागपूरहून मोटारीने आलेला वकील असो, त्यांच्या लेखी सगळे "अरे लेका". पण तसबिरीच्या काचेवरून एखादी मुंगी चालली, की आवाज एकदम मऊ. "या बाई, इकडून या. तिकडं सरस हाय, पाय चिकटंल तुमचा." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकानात कोणी पाहुणी बाई आली असं समजून सदऱ्याच्या गुंड्या लावल्या होत्या.

आमचं जाम म्हणजे गाव कमी आणि नाका जास्त. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारी सडक आणि वर्ध्याकडची सडक जिथे भेटतात, तिथे माझं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी, आणि पेढे, शेव, जिलेबी ठेवायचं जाळीचं कपाट. शेजारी नथ्थूजींचं तसबिरी मढवायचं दुकान. मधे फक्त कुडाची भिंत. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गिरडच्या दर्ग्याला जाणारे लोक जामला उतरून दुसरी मोटार धरायचे. तेवढ्या वेळात चहा माझ्याकडे पीत आणि तसबीर नथ्थूजींकडून घेत. दोघांचंही बरं चाललं होतं.

आता तुम्हीच सांगा. कोणाच्या नशिबी दारुडा शेजारी येतो, कोणाच्या भांडखोर. माझ्या नशिबी मुंग्या पाळणारा आला. आणि माझा धंदा साखरेचा! कपाटाचे चारही पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवत होतो. रोज सकाळी साखरेच्या पोत्याभोवती हळदीची रेघ ओढत होतो, कारण हळदीच्या वासाला मुंगी उभी राहत नाही. तरी दुपारपर्यंत एखादी रांग पेढ्यांवर आलीच म्हणून समजा. मी तणतणत नथ्थूजींना ओढून आणायचो. ते खिशातून भिंग काढून रांगेवर वाकायचे, दोन मिनिटं पाहायचे आणि निकाल द्यायचे.

"ह्या आमच्या नव्हेत. बाहेरच्या हायेत."

"कशावरून?"

"आमच्या बाया अशा हावरट नाईत, गुलाब. त्याहीले वळण हाय."



त्यांच्या मुंग्या राहायच्या तसबिरींत. दोन काचांच्या मधे बोटभर माती, चारी बाजूंनी सागाची चौकट, वरच्या कोपऱ्यात एक भोक आणि भोकाला कापसाचा बोळा. वरून लाल कापड, कारण लाल उजेड मुंग्यांना अंधारच वाटतो म्हणे. कापड उचलण्याआधी नथ्थूजी तोंडाला ओलं फडकं बांधायचे. "आपला श्वास म्हणजे त्याहीच्यासाठी वादळ हाय," असं म्हणायचे. दुकानात ठोकाठोक चालायची नाही. चौकटी ठोकायला हा माणूस शंभर पावलं लांब, सडकेपलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचा. गिऱ्हाईक दुकानात, दुकानदार लिंबाखाली, आणि मधून मालाचे ट्रक धावताहेत. कोणी दुकानाच्या फळीवर हात आपटला, की पलीकडून ओरडायचे, "हळू रे लेका, घरात बाया हायेत!"

एकदा बदलून आलेल्या नव्या जमादारानं ते ऐकलं. त्यानं विचारलं, "किती बाया आहेत?"

"आता मोजल्या कोणं? शे-दीडशे असतीन एका खोलीत."

जमादार तडक माझ्याकडे आला, बाकड्यावर बसला, टोपी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हा माणूस करतो काय?" त्याला मी आत नेऊन तसबीर दाखवली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. चहाचे मात्र त्यानं दोन कप घेतले.

आणि पाटलांच्या वडिलांची गोष्ट तर अख्ख्या समुद्रपूर भागात गाजली. पाटलांनी कैलासवासी वडिलांचा फोटो मढवायला दिला होता. नथ्थूजींनी मढवला, नेऊन टांगला. तिसऱ्या दिवशी घरची मंडळी जेवायला बसली, तर फोटोतल्या वडिलांची मिशी हलायला लागली. पाटलांची म्हातारी आई ताटावरून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून म्हणाली, "चुकलं माहं. नाई विकत वावर." त्या आठवड्यात त्यांच्या शेताचा सौदा व्हायचा होता, तो तिथेच मोडला. दुसऱ्या दिवशी पाटील तसबीर काखेत मारून, डोळे लाल करून दुकानात. काचेमागे पाच-पन्नास मुंग्या. नथ्थूजींनी माफी मागावी की नाही? त्यांनी ती तसबीर छातीशी धरली.

"आल्या का बाई! तीन दिवस झाले, जिवाले घोर लावला तुमी!"

पाटील मग माझ्या बाकड्यावर बसून हसून हसून रडले. वावर आजही त्यांच्याकडेच आहे.

असा हा माणूस. पन्नाशीचा, एकटा, बायको ना पोर. मूळचा अल्लीपूरचा. तिथे घर होतं, थोडं वावर होतं, असं ऐकून होतो. मग कुलूप लावून इथे नाक्यावर का येऊन बसला, हे कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "घाई कायची हाय? सांगीन कधी."

त्यांची आणखी एक खोड होती, तिच्यामागचं कारणही मला कळत नसे. गिरडची मोटार दिवसातून दोनदा लागायची. ती लागली, की नथ्थूजी हातातलं काम टाकून, धोतर झटकून ड्रायव्हरपाशी जायचे.

"गिरडले जागा हाय का रे?"

"हाय ना. बसा."

"बरं."

आणि परत यायचे. रोज. वर्षानुवर्षं. मोटार धूळ उडवत जायची आणि हे सडकेच्या कडेला हातात हातोडी घेऊन धूळ बसेपर्यंत उभे. एकदा ड्रायव्हर रहीमभाई वैतागून म्हणाला, "अहो, बसायचं नाई तं जागा कायले विचारता?" नथ्थूजी म्हणाले, "आपल्यासाठी जागा हाय एवढं कळलं, तरी बरं वाटते रे." मला तेव्हा वाटलं, मुंग्या पाळून पाळून डोक्यावर परिणाम झाला.

त्या साली नागपूरच्या कॉलेजातले एक किड्यांचे प्रोफेसर गिरडच्या टेकड्यांवर किडे गोळा करायला निघाले होते. जामला त्यांच्या मोटारीचं चाक बसलं. चाक निघून, पंक्चर निघेपर्यंत अख्खी दुपार गेली आणि ती त्यांनी माझ्या बाकड्यावर नथ्थूजींबरोबर घालवली. मी भट्टीपाशी होतो, सगळं ऐकत होतो.

प्रोफेसर सांगत होते, "एक राणी अशी असते, जी स्वतःचं घर बांधतच नाही. दुसऱ्या जातीच्या मुंग्यांच्या बिळाशी जाते आणि मेल्याचं सोंग घेऊन पडते. त्या तिला खाणं समजून आत ओढून नेतात. आत गेली की ती त्यांचाच वास अंगाला चोळून घेते. मग त्यांच्या राणीच्या पाठीवर चढते आणि सावकाश तिचा गळा कापते. पोरक्या मुंग्या मग हिलाच राणी मानतात, हिचीच पिल्लं वाढवतात."

"हात्तिच्या! चांडाळीणच की!" मी झारा हातात घेऊन म्हणालो.

नथ्थूजी चहा गार झाला तरी कपाकडे पाहत बसले. मग विचारलं, "मास्तर, घरातली राणी अगुदरच मेली असंल तं?"

"मग हिला मारायचं कारणच नाही."

"तरी घेतीन का तिले?"

"सांगता येत नाही. मोठ्या मुंग्या फाडून टाकतील कदाचित. पण जी कोषातून आत्ताच बाहेर आली, तिला आपलं-परकं कळत नसतं. समोर जी दिसेल ती आपली. आधी राणीजवळ कोष ठेवायचे, पिल्लं निघू द्यायची, मग हळूहळू मोठ्यांना सोडायचं. करून पाहा."

जाता जाता त्यांनी एका पुठ्ठ्यावर त्या राणीचं चित्र काढून दिलं. नथ्थूजींनी काय करावं? ते मढवून देवांच्या रांगेत टांगलं!

पोळ्याच्या आधी त्यांच्या मोठ्या तसबिरीतली राणी खरंच मेली. तेव्हा मला कळलं की राणी नसली, की नव्या मुंग्या जन्मत नाहीत आणि जुन्या एकेक करून संपतात. तसबीर वर्षभरात ओस पडते. नथ्थूजींचं जेवण उडालं. दिवसभर नाल्याच्या पुलापाशी भिंग घेऊन भिंतीला नाक लावून फिरत. गावातल्या बाया-माणसं विचारायची, "काय हरवलं, नथ्थूजी?" ते म्हणायचे, "पाहुणी शोधून राह्यलो." पोळा झाल्यावर आठेक दिवसांनी, हवेत दमटपणा होता, माझी जिलेबी कढईत होती, आणि हा माणूस पळत आला. अंगावर धूळ, एक चप्पल गायब, मुठीत अत्तराची रिकामी कुपी.

"गुलाब, सापडली! पाहुणी सापडली!"

कुपीत एक काळी, चकचकीत, बारक्या कमरेची मुंगी. पंख गळलेले. एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन गप्प बसलेली. मी म्हणालो, "हीच का ती गळा कापणारी?"

"अरे, तिनं अजून काहीच केलं नाई," नथ्थूजी म्हणाले. "तू लगेच नाव ठेवू नको."

माझी बायको कौसल्या आतून हात पुसत आली. तिनं कुपी उजेडाला धरली आणि म्हणाली, "मायबाई! किती घाबरली आहे हो पोर." झालं. त्या दिवसापासून माझ्या घरात माझ्या बाजूचं कोणी उरलं नाही.

कुपीत नथ्थूजींनी दहा-बारा पांढरे कोष सोडले, माठाच्या बुडाच्या ओल्या वाळूत कुपी ठेवली. चौथ्या दिवशी कोषातून फिकट, बारकी पिल्लं निघाली आणि थेट राणीच्या पोटाशी जाऊन बसली. कौसल्या दिवसातून चार वेळा कुडापलीकडून विचारायची, "नथ्थूभाऊ, कशी आहे ती?" नथ्थूजी मला अरे-तुरे करायचे, पण तिला "वहिनी" म्हणायचे. "पोरं हायेत जवळ, वहिनी. पण मोठ्या अजून यायच्या हायेत." मी जिलेबीचा पाक करताना कापसाच्या वातीला थोडा लावून देऊ लागलो. का, ते विचारू नका. आपल्या हातानं शेजाऱ्याच्या मुंग्यांना पाक देणारा मी पहिलाच हलवाई असेन.

मग राणी आणि पिल्लं मोठ्या तसबिरीत सोडली. मोठ्या मुंग्या तिच्यावर तुटून पडल्या. एकीनं तर मागचा पाय असा धरला की सुटेना. त्या मुंगीची एक मिशी तुटलेली होती, म्हणून ती ओळखू यायची. नथ्थूजींनी तिचं नाव ठेवलं आत्याबाई. काचेवर तोंड ठेवून विनवण्या करत होते, "सोडा, आत्याबाई. सोडा हो. तिनं काय घेतलं तुमचं?" दोन दिवसांनी ओढाताण थांबली. राणी जिवंत होती. पण एका कोपऱ्यात एकटी. मुंग्या तिला मारत नव्हत्या आणि घासही देत नव्हत्या. मुंग्या एकमेकींना तोंडातला घास तोंडात देतात, ते मी तेव्हा पाहिलं. सगळ्या जणी एकमेकींना देत होत्या. हिच्यापाशी आल्या, की वळून जात होत्या. पिल्लं देत, पण त्यांचं देणं ते किती.

त्या दुपारी गिरडची मोटार लागली आणि नथ्थूजी उठले नाहीत. तीच मला पहिली काळजी वाटली. मी कप घेऊन गेलो तर हा माणूस तोंडावर ओलं फडकं बांधून तसबिरीसमोर बसला होता, आणि फडकं डोळ्यांपर्यंत भिजलेलं.

"हेच मी केलतं, गुलाब," ते म्हणाले.

"काय केलं?"

मग बाहेर आलं. आठ वर्षांचे असताना आई गेली. वर्षभरात वडिलांनी दुसरी बायको आणली, गिरडची काशी. सोळा-सतरा वर्षांची पोर होती. आत्यानं आधीच कान भरून ठेवले होते. "ती तुह्या मायच्या जाग्यावर बसाले आली. तिच्या हातचं खाशीन तं माय वर रडंल." नथ्थू तिच्या हातचं खाईना. दोन दिवस, तीन दिवस. वडिलांनी मारलं, तरी खाईना. मग काशीनं एक उपाय काढला. ताट वाढायची, ठेवायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. ती पाहत नसली, की नथ्थू खायचा. मनाची समजूत अशी, की कोणी पाहिलंच नाही, म्हणजे खाल्लंच नाही.

"किती दिवस?"

"दिवस? तिनं घर सोडेपर्यंत, बाप्पा. मले मिश्या फुटल्या तरी ती भिंतीकडंच तोंड करे. कधी मीठ कमी झालं, कधी तिखट झालं, तिले काय कळंल? तिनं मले एकदा खाताना पाह्यलं नाई. आन् मी तिले माय म्हटलं नाई. कायच नाई म्हटलं. हाक माराची असली तं खोकलत होतो."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"मंग बाप गेला," नथ्थूजी म्हणाले. "चार माणसांत मी बोललो, हे घर माह्या मायचं हाय. झालं. तिनं एक लुगडं बांधलं आन् गिरडले भावाच्या घरी गेली. भांडली असती तं बरं झालं असतं. जाताना चुलीवर भाकर करून ठेवलती. झाकून." त्यांनी तोंडावरचं फडकं सोडलं. "त्या घरात मंग मले राहवलं नाई. बारा वर्षं झाले. रोज वाटते जावं. पण कोणत्या तोंडानं जाऊ, तूच सांग."

मी तसबिरीकडे पाहत म्हणालो, "आणि हिचं काय?"

"मी बोललो मनाशी. ज्या दिवशी ह्या हिले आपली म्हणतीन, त्या दिवशी मी मोटारीत बसीन. ह्या एवढ्याशा जिवाईले जमलं, तं मले काऊन जमू नये?"

"आणि नाही म्हटलं तर?"

त्यावर त्यांनी लाल कापड खाली सोडलं. गरम चहाचा कप तसाच उरला.

कुडाच्या भिंतीला कान असतात, आणि आमच्या भिंतीला ते कौसल्याचे होते. ती दोन दिवस पदर डोळ्यांना लावत फिरत होती. शुक्रवारी सकाळी नथ्थूजी पलीकडे लिंबाखाली चौकट ठोकत होते. ही न्हाऊन, नवं लुगडं नेसून, हातात निरांजनाचं ताट घेऊन त्यांच्या दुकानात शिरली. मी मागे.

"अगं, काय करतेस?"

"नवी लक्ष्मी घरात आली, तिचं कोणी केलं का काही? ना माप ओलांडलं, ना हळद-कुंकू. कशी आपली म्हणतील तिला?"

तिनं लाल कापड बाजूला केलं, ओवाळलं, चौकटीला कुंकू लावलं. मग कोपऱ्यातला बोळा काढला आणि "ये गं बाई, सुखानं राहा" म्हणत चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू वरून आत सोडलं. मी शेजारी हात जोडून उभा होतो. रोज सकाळी साखरेच्या पोत्याला हळदीची रेघ ओढणारा मी, मुंग्या हळदीला भितात हे अख्ख्या जामला सांगणारा मी, हात जोडून उभा! माझे डोळे भरून आले होते हो, कशाचं सुचतंय?

आत हळद खाली घरंगळली आणि सगळं घर हादरलं. मुंग्या वेड्यासारख्या धावायला लागल्या. एकमेकींवर चढून भोकातून बाहेर, काचेवरून, चौकटीवरून, कुडाच्या भिंतीवर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "कौसल्या, हळद!" मी ओरडलो. तिच्या हातातलं ताट खाली पडलं.

त्या आवाजानं नथ्थूजी सडक ओलांडून आले. त्यांनी पाहिलं. पिवळी झालेली माती, उघडं भोक. कौसल्या भिंतीला टेकून ढसढसा रडत होती. मला वाटलं, आता हा माणूस हातोडी डोक्यात घालणार. ते मटकन खाली बसले.

"रडू नका, वहिनी. तुमी चांगलंच कराले आलत्या." आवाज अगदी बारीक. "जाऊ द्या. होणारच नव्हतं ते."

मी कुडाच्या भिंतीकडे पाहत होतो, कारण त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. भिंतीवरून रांग चालली होती. प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक पांढरा कोष. घर जळताना माणसं पोरं उचलून पळतात, तसंच. आणि रांगेच्या मधोमध काहीतरी काळं, चकचकीत, मोठं ओढत नेताना दिसलं.

"नथ्थूजी, भिंग आणा."

"राहू दे रे."

"भिंग आणा म्हणतो ना!"

त्यांनी भिंग लावलं.  राणी होती ती. पाय पोटाशी घेतलेले, जिवंत. चार-पाच जणी तिला सांभाळून ओढत होत्या, आणि सगळ्यात पुढे, तिचा जबडा आपल्या जबड्यात धरून, उलट्या पावलांनी चालणारी, एक मिशी तुटलेली.

"आत्याबाई," नथ्थूजी म्हणाले. "गुलाब, आत्याबाई हाय रे! पळतानी कोणी परक्याले उचलत नाई. पळतानी माणूस आपलंच घेते!"

रांग कुडातून पलीकडे, माझ्या हॉटेलात गेली. माझ्या कपाटाच्या मागे भिंतीत एक चीर होती, तिथे सगळा संसार उतरला. आत शिरल्यावर चिरेच्या तोंडाशी एक मुंगी थांबली, राणीपाशी आली आणि तोंडाला तोंड लावलं. आम्ही तिघं कपाटामागे एकमेकांना रेटत, श्वास रोखून पाहत होतो. मोटारीतून उतरलेली गिऱ्हाईकं चहासाठी ओरडून थकली. त्या दिवसापासून कपाटाच्या एका पायाखालची पाण्याची वाटी मी काढली, ती अजून ठेवलेली नाही. पेढ्यांची एक थाळी दरवर्षी थोडी कमी भरते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळची मोटार लागली. नथ्थूजी धुतलेलं धोतर नेसून ड्रायव्हरपाशी गेले.

"गिरडले जागा हाय का रे?"

"हाय," रहीमभाई कंटाळून म्हणाला.

"दोन दे. हा गुलाब येते. एकट्यानं पाय उचलत नाई माहा."

रहीमभाईनं हँडल तसंच हातात धरून मागे वळून पाहिलं. वाटेत समुद्रपूर गेल्यावर नथ्थूजींनी एकदाच विचारलं, "काय म्हणू रे? खोकलू का?"

टेकडीच्या पायथ्याशी भावाचं घर. मागच्या ओसरीत एक म्हातारी सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. डोळे अधू झालेले. पावलं ऐकून तिनं मान वर केली.

"कोण व्हय?"

जगाला अरे-तुरे करणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मीच म्हणालो, "अल्लीपूरचे नथ्थूजी आलेत, मावशी."

सुपातला हात थांबला.  मग ती माझ्याकडेच पाहून म्हणाली, "सकाळच्या मोटारीनं आले असतीन. उपाशी असतीन." आणि गुडघ्यावर हात टेकून आत गेली.

आतून भाकर थापल्याचा आवाज येत राहिला. मग ती ताट घेऊन आली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. ताट तिनं नथ्थूजींसमोर ठेवलं, पाण्याचा लोटा ठेवला. आणि दोन पावलं मागे सरकून, पदर नीट करून, भिंतीकडे तोंड करून बसली.

 नथ्थूजींचा हात ताटापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"माय," ते म्हणाले. खोकले नाहीत. "माय, इकडं पाह्य ना."

म्हातारीची पाठ हलली. पण ती वळली नाही. "आदत झाली, बाप्पा," ती भिंतीलाच म्हणाली. "तू जेव. मी पाहत नाई."

नथ्थूजी उठले. ताट दोन्ही हातांत घेतलं, तिला वळसा घालून गेले, आणि तिच्यामधे आणि भिंतीमधे जी वीतभर जागा होती, त्या जागेत अंग चोरून, भिंतीला पाठ लावून बसले. ताट मांडीवर. तिच्या अगदी समोर.

"आता पाह्य," म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी भाजीत पडत होतं आणि ते खात होते. ती अधू डोळ्यांनी, मान पुढे काढून, पन्नास वर्षांच्या त्या माणसाचा घास तोंडात कसा जातो ते पाहत होती. दुसरा घास गेला, तिसरा गेला. मग तिनं हळूच विचारलं.

"मीठ बराबर हाय का रे?"

"बराबर हाय, माय," नथ्थूजी म्हणाले. "अजून एक भाकर दे."